चाकूला दोनच जागा

प्रश्न : माझी भाची कॉलेजच्या ग्रुपबरोबर रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीने हरिश्चंद्रगडाला जाणार आहे. वाटेत दोन मुक्काम, स्वयंपाक मुलंच करणार. तिच्या काकांनी कौतुकाने तिला एक चाकू आणून दिलाय. पातं वीतभर, पाठीला करवतीचे दाते, मुठीचं टोपण फिरवलं की आत काड्या आणि टोपणावर होकायंत्र. तो बघून माझ्या पोटात गोळाच आला. काका म्हणतात, जंगलात जायचं तर हत्यार हवंच. असा चाकू न्यावा का? नेला तर ठेवायचा कुठे? आणि कोणी अडवलं तर? (एक मावशी, डोंबिवली)

उत्तर : मावशी, पोटातला गोळा बरोबर जागी आलाय. काकांचा हेतू चांगला, पण वस्तू सिनेमातली आहे. १९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ आला, त्यातला रॅम्बोचा चाकू जगभर गाजला आणि तेव्हापासून त्याच्या स्वस्त नकला बाजारातून हटलेल्या नाहीत. या नकलांची गोम त्या पोकळ मुठीतच असते. काड्या ठेवायला जागा करायची म्हणून पात्याचं पोलाद मुठीत जेमतेम शिरतं आणि तिथेच संपतं, पुढे नुसती नळी. जरा जोर लावला की पातं मुळाशी डुगडुगायला लागतं. घरातली जुनी सुरी बघा, लाकडी मुठीवर दोन-तीन रिव्हेट दिसतात, कारण पोलाद मुठीच्या पोटातून पार मागेपर्यंत गेलेलं असतं. होकायंत्राबद्दल बोलायलाच नको. पोलादाच्या शेजारी बसवलेली चुंबकसुई उत्तर कुठे दाखवेल ते तिचं तिलाच माहीत.

आता भाचीला चाकूचं काम किती पडणार ते पाहू. कांदे-बटाटे, मिरच्या, कोथिंबीर. खिचडीच्या मसाल्याचं पाकीट. तंबूची दोरी एखादे वेळी, पायाला फोड आला तर चिकटपट्टी. एवढंच. सह्याद्रीत वाघाशी झुंजायचा प्रसंग येत नाही आणि बिबट्या माणसाची चाहूल लागली की स्वतःच वाट बदलतो. तेव्हा चाकूचं माप कांद्यावरून ठरवायचं, जंगलावरून नाही. सात ते नऊ सेंटिमीटर पातं पुरेसं होतं.

या मापात नावाजलेले दोन चाकू आपल्याकडेही मिळतात. एक स्विस, लाल मुठीचा, सगळ्यांना ठाऊक असलेला. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ साली स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला, तोच पुढे व्हिक्टोरिनॉक्स झाला. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली आणि आजच्या लाल चाकूचं घराणं तिथून सुरू होतं. याच्या नेहमीच्या लहान प्रकारांना अडसर नसतो, पातं फक्त स्प्रिंगच्या ताणावर उघडं राहतं. कापायला उत्तम, पण टोकाने भोसकायला किंवा डबा उचकटायला गेलात तर पातं उलटं मिटून बोटांवर येतं. दुसरा फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल, १८९० पासूनचा. लाकडी मूठ, एक पातं आणि मानेशी फिरणारी कडी. ही कडी १९५५ साली आली. ती फिरवली की पातं अडकतं. साडेआठ सेंटिमीटर पात्याचा आठ नंबर आपल्या कामाला योग्य. फक्त पावसाळ्यात त्याची लाकडी मूठ पाणी पिऊन फुगते आणि पातं आतच रुतून बसतं. तिकडचे शेतकरी अशा वेळी मुठीचं बूड दगडावर टक्कन आपटतात, पातं थोडं वर येतं आणि मग चिमटीत धरून ओढता येतं. नखाने उचकटत बसायचं नाही.

पण खरं सांगायचं तर भाचीसाठी मी दोन्ही सुचवणार नाही. स्वयंपाकघरातली भाजी चिरायची छोटी सुरी द्या. तिची सवय आहे, हरवली तर हळहळ नाही आणि तिला बिजागरीच नाही, त्यामुळे मिटून बोटावर यायचा प्रश्न मिटला. तिला म्यान मात्र हवं. खोक्याच्या जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, पात्याच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त रुंद. मधोमध दुमडा, पातं आत, धार दुमडीच्या उलट्या बाजूला येऊ द्या आणि त्या बाजूला पुठ्ठ्याचीच आणखी एक अरुंद पट्टी आत सरकवा, म्हणजे धार चिकटपट्टी कापून बाहेर येणार नाही. ही बाजू आणि टोकाकडचं तोंड दोनदा चिकटपट्टीने बंद करा. वरून एक रबर. बाजारातल्या पातळ कापडी म्यानापेक्षा हे बरं, कारण कापडातून टोक आरपार येतं आणि सॅक पाठीवर असते.

ठेवायचा कुठे, हा तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. कमरेला नाही. रतनगडावर चढताना शिड्या आहेत, वरच्या टप्प्यात हाताने धरून चढायचं आहे, घसाऱ्यावर मुलं बूड टेकून उतरतात. कमरेला लटकलेली मूठ शिडीच्या दांड्यात अडकते, किंवा माणूस पडतो तेव्हा मूठ बरगडीत बसते. तुम्ही म्हणाल, वाटेत भेटणारे गावकरी कमरेला कोयता लावूनच चालतात. लावतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी. पाठीमागे लाकडी आकडी बांधलेली असते, तिच्यात कोयत्याचं पातं अडकतं, कोयता मागच्या बाजूला खाली लोंबतो आणि दोन्ही हात मोकळे. लहानपणापासून ते ओझं कमरेला आहे, पाय त्या वाटेचे. आपण त्यांची नक्कल करायची नाही.

गळ्यात दोरीने अडकवलेला चाकू तर अजिबात नको. दोरी झाडाझुडपात अडकते आणि पडल्यावर चाकू नेमका छातीखाली येतो. पँटच्या खिशात मिटलेला स्विस चाकू चालेल. म्यानातली सुरी सॅकमध्येच, आणि तीही स्वयंपाकाच्या पिशवीत, पातेल्याच्या आत, चमच्यांबरोबर. सॅकच्या वरच्या खणात टाकू नका. त्या खणात रात्री अंधारात टॉर्चसाठी हात घातला जातो. आठ-दहा जणांच्या ग्रुपला दोन चाकू भरपूर झाले, आणि ते कोणाकडे आहेत हे सगळ्यांना माहीत हवं. प्रत्येकाच्या सॅकमध्ये एकेक असला की कुठला उघडा राहिला याचा कोणाला पत्ता नसतो. अवघड कातळावर दोर लावणाऱ्याने मात्र स्वतःजवळ छोटा, मिटणारा चाकू ठेवावा, आणि दोर ताणात असताना तो बाहेर काढू नये. सैल दोर कापायला वेळ लागतो, माणसाच्या वजनाने ताणलेला दोर धारेच्या नुसत्या स्पर्शाने तुटतो.

वापरताना मी एकच नियम पाळायला सांगेन. चाकूला दोनच जागा : हात, नाहीतर म्यान. ‘जरा ठेवतो, परत लागेलच’ ही तिसरी जागा नाही. कांदा चिरणारा कुकरची शिट्टी बघायला उठतो, उघडी सुरी सतरंजीवर कांद्याच्या सालांखाली जाते, अंधार पडतो आणि कोणीतरी तिथे हात टेकून बसतं. तंबूच्या आत चिरायला बसणं म्हणजे हाच प्रकार आणखी कमी जागेत. उजेड असताना, बाहेर, बाकीच्यांपासून हातभर अंतर ठेवून चिरून घ्यावं.

मुलांना हे सांगताना घरातल्या सवयींकडेही बघावं लागतं. विळीवर पातं जागेवर असतं आणि भाजी पात्याकडे जाते. चाकूत भाजी जागेवर, पातं फिरतं. ज्यांची सवय विळीची किंवा ओट्यावरच्या पाटाची आहे ते डोंगरात पाट नसला की बटाटा हातात धरून अंगठ्याकडे कापत येतात. घरी जमतं, थंडीने बधिर झालेल्या बोटांना जमत नाही. म्हणून कापायला काहीतरी सपाट न्या, डब्याचं प्लास्टिकचं झाकण उत्तम. स्टीलच्या ताटावर किंवा कातळावर चिरू नका, धार एका जेवणात जाते. मांडीवर ठेवून काही कापायचं नाही, दोरीसुद्धा नाही. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी धमनी जाते, तिथली जखम गडावर आवरत नाही. काही कापायचंच तर कोपरं गुडघ्यांवर टेकून, पातं पायांच्या पुढे आणि अंगापासून दूर जाईल असं. पडणारा चाकू झेलायचा नाही, पाय मागे घ्यायचे. आणि चाकू कोणाला हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. आजी भांडण होईल म्हणून सांगायची. कारण काही का असेना, रीत बरोबर होती.

आता कायदा. भारतात शस्त्र कायदा १९५९ चा, त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल आणि वस्तू घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली नसेल, तर ती शस्त्रांच्या यादीत जाते. काकांचा चाकू या रेषेच्या जवळ घुटमळतोय आणि घरगुती कामाचा आहे असं कोणी म्हणणार नाही. भाजीच्या सुरीला ही अडचण नाही. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण, निवडणूक, तणाव अशा वेळी जमावबंदीबरोबर शस्त्रबंदीही लागते, आणि त्या यादीत चाकू आणि काठ्याही येतात. कसारा लोकलमध्ये सुरी सॅकच्या तळाशी, पातेल्यात असली तर विचारणाऱ्याला तिचं काम न सांगता कळतं. कमरेला असली तर कळत नाही.

मात्र एक गोष्ट ट्रेक नेणारे बरेचजण विसरतात. रतनगड आणि हरिश्चंद्रगड दोन्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१ : मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही. आणि या कायद्यातल्या ‘शस्त्र’ शब्दाच्या व्याख्येत बंदूक, फासे, जाळी यांच्याबरोबर चाकूचंही नाव आहे. तिथे इंचांची सवलत नाही. हाच नियम भीमाशंकरला, कोयनेच्या अभयारण्यातल्या वासोट्याला आणि राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे. कांदा चिरायच्या सुरीवरून वनरक्षक खटला भरेलच असं नाही, पण भरला तर कायदा त्याच्या बाजूने आहे. म्हणून चौकीवर नोंद करताना सुरी आहे हे आपण होऊन सांगावं. ‘इथे ठेवा’ म्हणाले तर ठेवावी. त्याहून सोपं, भाजी पायथ्याच्या गावातच चिरून डब्यात भरावी. गावात जेवणाची सोय करणारी घरंही आहेत, खिचडीपेक्षा तिथली भाकरी केव्हाही चांगली. आणि चाकू जवळ आहे म्हणून कारवी तोडणं, ओल्या फांद्या तासणं, दगडाने चाकू ठोकून सरपण फोडणं यातलं काही करायचं नाही. हा गुन्हा आहेच, शिवाय पातं तुटायची हमखास वाटही हीच.

काकांचा चाकू भिंतीवर शोभेल. त्यांना वाईटही वाटणार नाही.

प्रश्न : पावसाळी ट्रेकहून आलो की माझ्या चाकूवर तांबूस ठिपके दिसतात. आई म्हणते खोबरेल लाव. लावू का? (सातारा)

उत्तर : लावा, पण आधी ठिपके का येतात ते बघा. पोलादात क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर असलं की पृष्ठभागावर त्याचा न दिसणारा पापुद्रा धरतो आणि गंज अडतो. त्याला आपण स्टेनलेस म्हणतो. साध्या कार्बन पोलादात हा पापुद्रा नाही. त्याला धार लवकर लागते, पण लिंबू, टोमॅटो, कांदा यांचा रस तासभर राहिला तरी डाग धरतो. राखाडी-निळसर डाग असेल तर तो राहू द्या, त्याने पुढचा गंज थोडा कमीच होतो. तांबूस, बोटाला खरखरीत लागणारा तो खरा गंज. तो भांडी घासायच्या बारीक काथ्याने आणि तेलाने घासून काढावा. स्टेनलेस गंजतच नाही असंही नाही. ओल्या म्यानात, मिठाच्या पाण्यासकट दोन दिवस राहिलं तर तेही ठिपकतं. कोकणात समुद्राकाठी फिरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

चाकू वापरला की लगेच धुवायचा, पुसायचा आणि मगच मिटवायचा. ओला मिटवलेला चाकू बिजागरीत गंजतो, तिथे दिसत नाही. घरी आल्यावर मिटणारा चाकू कोमट पाण्यात साबणाने उघड-मीट करत धुवा, उघडा ठेवून कोरडा होऊ द्या. लाकडी मूठ मात्र पाण्यात बुडवू नका.

खोबरेल पात्याला चांगलं, कारण त्याच पात्याने उद्या भाजी चिरायची आहे. बिजागरीला नको. चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, हे महाबळेश्वरच्या शेजारी राहणाऱ्याला सांगायला नको. शेंगदाण्याचं तेल काही आठवड्यांनी चिकट होतं आणि त्यात धूळ बसते. बिजागरीला शिलाई मशीनचं तेल एक थेंब पुरतं, जास्तीचं पुसून टाका, ते पोटात जायचं नाही.

चामड्याच्या म्यानात चाकू घरी ठेवू नका. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आणि त्याने धरलेला ओलावा दोन्ही पात्याला खातात. म्यान प्रवासापुरतं. घरी पातं तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळा.

प्रश्न : बोथट चाकू नेला तर कापायची भीती कमी नाही का? आणि डोंगरात धार कशी लावायची? (नागपूर)

उत्तर : उलट आहे. धारदार पातं टोमॅटोच्या सालीत स्वतःच्या वजनाने शिरतं. बोथट पात्याला रेटावं लागतं, ते सालीवरून घसरतं आणि रेटा सगळा बोटावर येतो. जखमही फाटल्यासारखी होते, भरायला वेळ लागतो.

धार घरीच लावून निघावं. कोपऱ्यावर घंटी वाजवत येणारा धारवाला सुरी छान करतो, पण चाक वेगाने फिरतं आणि पातं तापतं. पातळ पातं निळसर झालं तर तिथलं पाणी उतरलं म्हणून समजा, ती धार टिकत नाही. हाताने लावायची तर दुकानात दोन पोतांचा दगड मिळतो, चारशेच्या आसपास एक बाजू आणि हजारची दुसरी. दगड भिजवा. पातं दगडावर उभं धरा, ते नव्वद अंश. निम्मं झुकवा, पंचेचाळीस. पुन्हा निम्मं, साधारण बावीस. त्या कोनात दगडाचा पातळ काप काढतोय अशा बेताने पातं सरकवायचं, मुळापासून टोकापर्यंत. काही वेळाने पात्याच्या दुसऱ्या बाजूला अगदी बारीक खरखर अंगठ्याला जाणवते, अंगठा धारेवरून आडवा फिरवून, लांबीने कधीच नाही. खरखर पूर्ण लांबीला आली की बाजू बदला. शेवटी बारीक दगडावर हलक्या हाताने. वर्तमानपत्राचा कागद न अडकता कापला गेला की थांबा.

डोंगरात दगड न्यायची गरज नाही. चिनीमातीच्या कपाच्या बुडाला जी गुळगुळीत न केलेली कड असते, ती बारीक दगडाचं काम करते. गावातल्या चहाच्या टपरीवर असा कप मिळाला तर पाच-सहा हात दोन्ही बाजूंनी फिरवा. मग चामडी पट्ट्यावर पातं उलट्या दिशेने, पाठ पुढे ठेवून ओढा. पट्टा कमरेतून काढून, हे वेगळं सांगायला नको होतं, पण सांगितलं.

प्रश्न : बोट कापलंच तर हळद भरावी का? (नाव-गाव नाही)

उत्तर : नको, चहापूडही नको. डॉक्टरला ती सगळी खरवडून काढावी लागते. स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं उघडून बघू नका. बघण्यानेच रक्त पुन्हा सुरू होतं. मग पिण्याच्या पाण्याने धुवा आणि पट्टी बांधा. बोट वाकत नसेल, टोक बधिर असेल, जखमेच्या कडा आपोआप मिटत नसतील तर ट्रेक तिथेच संपला, खाली उतरून दवाखाना गाठायचा. रुग्णवाहिकेसाठी १०८. जखम मळकी असेल आणि शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल तर नवं घ्या.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये शिकतो, मित्रांबरोबर लेक डिस्ट्रिक्टला तंबू घेऊन जातो. इथून त्याच्यासाठी ओपिनेल पाठवू का? (पुणे)

उत्तर : ओपिनेल नको, स्विस पाठवा. तिथल्या कायद्याने मिटणारा, अडसर नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धारेचा चाकू खिशात कारण न सांगता ठेवता येतो. पातं अडकवणारी कडी असली की तोच चाकू न मिटणाऱ्या सुरीच्या रांगेत जातो आणि जवळ बाळगायला सबळ कारण दाखवावं लागतं. तंबूच्या जागेवर ते दाखवता येईल, परतीच्या वाटेवर शहरातल्या पबमध्ये शिरताना नाही. विमानात तो हातातल्या बॅगेत चालणार नाही, सामानात द्या, पातं मिटवून मोज्यात गुंडाळून. त्याच बॅगेत स्टोव्हचा गॅसचा डबा किंवा लायटर टाकू नका, इथून निघणाऱ्या विमानात ते कुठेच नेता येत नाहीत. गॅस त्याला तिथेच मिळेल.